समुद्र आपला, संशोधन कुणाचं?

शिरोड्याकडचा मुलगा दुबई-कुवेतला निघाला की घरात आनंद होतो. याच अरबी समुद्राचा अभ्यास करतो म्हणाला, तर ‘त्यात काय मिळणार?’ असा प्रश्न येतो.

तेरेखोलपलीकडे, गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. अनेक देशांनी मिळून केलेल्या हिंदी महासागर मोहिमेतून ती १९६६ साली उभी राहिली. पुढे तिचे संचालक झालेले डॉ. सय्यद झहूर कासिम अलीगढमध्ये शिकले, मग वेल्समधल्या बँगोरला गेले. १९८१ ची भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम त्यांच्याच नेतृत्वाखाली गोव्यातून निघाली. जहाज नॉर्वेचं होतं. आपल्या किती घरांत हे नाव माहीत आहे?

२०१५ मध्ये दुसरी हिंदी महासागर मोहीमही गोव्यातूनच सुरू झाली. या सहकार्याबद्दल माझी तक्रार एकच. निबंध इंग्रजीत निघतात. मासा का कमी झाला, हे वेळागरच्या रापणकाराला त्याच्या भाषेत कुणी सांगत नाही. करार कुलगुरू करतील, पण मालवणीत विचारणारा आणि मालवणीत सांगणारा संशोधक आपल्यातूनच जायला हवा. बी.एस्सी. झालेल्या मुलींनी तर नक्कीच. सुरुवातीला पासपोर्टही लागत नाही, पणजीची एसटी पुरे.