ॲपवरचा आकडा आणि खर्चायचे पैसे

अमेरिकेत चेकिंग खाते उघडणे सोपे आहे. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि विद्यार्थी असल्यास कॉलेजने दिलेला आय-ट्वेंटी फॉर्म एवढ्यावर बऱ्याच बँका खाते उघडून देतात; सोशल सिक्युरिटी क्रमांक नंतर दिला तरी चालतो. खाते चालवायला मात्र बँक शिकवत नाही, आणि शाळा-कॉलेजांतही ते फारसे शिकवले जात नाही. ते घरातच शिकवले पाहिजे, आणि पहिला धडा ॲपवर दिसणाऱ्या शिल्लकेवर विसंबून न राहण्याचा असला पाहिजे.

भारतात पगार, खर्च आणि बचत ही तिन्ही कामे एकाच बचत खात्यावर भागतात. अमेरिकेत ये-जा करणाऱ्या पैशांसाठी चेकिंग आणि साठवणीसाठी सेव्हिंग्ज अशी वाटणी असते. चेकिंगवर व्याज नसल्यात जमा. त्यामुळे महिन्याचा खर्च आणि वर थोडी शिलकी रक्कम एवढेच तिथे ठेवावे, बाकीचे हलवावे. काही खात्यांना किमान शिल्लक किंवा थेट जमा होणारा पगार नसेल तर मासिक शुल्क लागते. विद्यार्थी खात्यांना सहसा ते माफ असते. ठेवीला एफडीआयसी या सरकारी ठेव विमा संस्थेचे संरक्षण एका बँकेत एका खातेदाराला २,५०,००० डॉलरपर्यंत आहे, म्हणजे सामान्य कुटुंबाने बँक बुडण्याची काळजी करण्याचे कारण नाही. पैसे जातात ते हिशेबातल्या चुकीने.

पुण्याहून किंवा नागपूरहून आलेल्या विद्यार्थ्याला यूपीआयची सवय असते. चहाचे वीस रुपये दिले की त्याच क्षणी खात्यातून वजा होतात, आणि शिल्लक म्हणून दिसणारा आकडा खरा असतो. अमेरिकेत तसे होत नाही. लिहून दिलेला चेक समोरचा माणूस भरेल तेव्हा वटतो. विम्याचा किंवा फोनचा हप्ता खात्यातून आपोआप जातो, तोही ठरलेल्या तारखेच्या एखादा दिवस मागेपुढे. पेट्रोल पंपावर चाळीस डॉलरचे इंधन भरले तरी शंभर किंवा त्याहून जास्त डॉलर तात्पुरते अडकवून ठेवले जाऊ शकतात. उपाहारगृहात आधी बिलाची रक्कम दिसते आणि टिप धरून अंतिम रक्कम एकदोन दिवसांनी लागते.

समजा, ॲपवर १,४०० डॉलर दिसतात. भाड्याचा १,१०० डॉलरचा चेक घरमालकाच्या टेबलावर पडून आहे आणि १२० डॉलरचा हप्ता परवा जायचा आहे. म्हणजे खर्चायला १८० डॉलर आहेत. हे ध्यानात न ठेवता कुणी २३० डॉलरचा किराणा घेतला तर कार्ड बिनतक्रार चालते, कारण बँकेला टेबलावरचा चेक दिसत नाही. पुढे चेक आणि हप्ता येतात आणि खाते पन्नास डॉलरने उणे होते. मग बँक तो व्यवहार पुरा करून ओव्हरड्राफ्टचे शुल्क लावते, किंवा चेक परत पाठवते आणि घरमालकही आपला दंड मागतो.

हे शुल्क अनेक बँकांत एका व्यवहाराला ३५ डॉलरच्या आसपास असते. म्हणजे पन्नास डॉलर दोन दिवस वापरल्याचे पस्तीस डॉलर. सावकाराचेही व्याज याहून कमी पडावे! काही मोठ्या बँकांनी ते स्वतःहून रद्द केले किंवा बरेच कमी केले. मोठ्या बँकांचे शुल्क ५ डॉलरवर आणू पाहणारा सरकारी नियम डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला, पण अमलात येण्याआधीच मे २०२५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे खातेदाराला स्वतःच सावध राहावे लागते. एटीएममधून पैसे काढण्यावर आणि डेबिट कार्डाच्या एकेका खरेदीवर खातेदाराने आधी संमती दिल्याशिवाय हे शुल्क लावता येत नाही, असा नियम २०१० पासून आहे. खाते उघडताना 'ओव्हरड्राफ्ट कव्हरेज' ही जणू सवलत असल्यासारखी पुढे केली जाते. तिला नाही म्हणावे. कार्ड नाकारले गेल्याने दुकानात दोन मिनिटे अवघडल्यासारखे होईल, इतकेच. मात्र चेक आणि आपोआप जाणारे हप्ते या नियमात येत नाहीत. त्यांच्यासाठी नोंद ठेवण्याला पर्याय नाही.

जमा होणाऱ्या पैशांचीही अशीच गत आहे. भरलेल्या चेकांपैकी पहिले २७५ डॉलर साधारणपणे पुढच्या कामाच्या दिवशी वापरायला द्यावेच लागतात, आणि पुष्कळदा सगळी रक्कमच लवकर दिसू लागते. पण दिसली म्हणजे चेक वटला असे नव्हे. खोटा चेक काही आठवड्यांनीही परत येऊ शकतो. विद्यार्थ्यांना ठकवणारे नेमके याच फटीत काम करतात. ईमेलवर घरबसल्या नोकरी, दोन हजारांचा चेक, त्यातले तीनशे ठेवून उरलेले कुणाला तरी झेल या पैसे पाठवण्याच्या सेवेने पाठवण्याची सूचना. झेलने गेलेले पैसे सहसा परत येत नाहीत, आणि चेक परत आला की सगळी रक्कम खातेदाराला भरावी लागते. उणे खाते तसेच सोडून दिले तर बँक ते बंद करते, आणि त्याची नोंद चेक्ससिस्टिम्स या संस्थेकडे पाच वर्षांपर्यंत राहू शकते. तोवर दुसरी बँकही दारातूनच परत पाठवू शकते.

यावर उपाय जुनाच आहे. दिलेला प्रत्येक चेक, ठरलेला प्रत्येक हप्ता आणि कार्डाची प्रत्येक खरेदी त्याच दिवशी वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये मांडून वजा करायची, आणि महिन्याच्या स्टेटमेंटशी ताडून पाहायची. अकरावी कॉमर्सचे बँक जुळवणी पत्रक ज्यांनी केले आहे त्यांना वेगळे काही शिकावे लागणार नाही. ॲप हातात असताना वही कशाला, हा आक्षेप तरुण घेतात. ॲप झालेले व्यवहार दाखवते; कबूल केलेले पण अजून न झालेले व्यवहार फक्त खातेदाराला ठाऊक असतात.

स्टेटमेंट वाचण्यामागे कायदाही आहे. डेबिट कार्ड हरवल्याचे कळल्यापासून कामाच्या दोन दिवसांत बँकेला सांगितले तर नुकसानीची जबाबदारी ५० डॉलरपुरती राहते. त्यानंतर ती ५०० पर्यंत जाते. स्टेटमेंटवर दिसणारा अनधिकृत व्यवहार साठ दिवसांत कळवला नाही, तर त्यापुढचे नुकसान पूर्णपणे खातेदाराच्या माथी येऊ शकते. चेकबाबत भारतातल्या दोन सवयी इथे नडतात. ५/८ ही इथे मेची आठ तारीख असते. आणि पुढची तारीख घालून दिलेला चेक बँक आधीही वटवू शकते, तिला रीतसर कळवलेले नसेल तर.

इथेच वाढलेल्या मुलांची अडचण वेगळी आहे. त्यांचे खाते अठरा वर्षांपर्यंत आईबाबांबरोबर जोडलेले असते, खड्डा पडला की बाबा गुपचूप भरून काढतात, आणि मूल वसतिगृहात जाते ते हिशेब न शिकताच. सोळाव्या वर्षीच त्याच्या खात्यात महिन्याची ठरावीक रक्कम टाकावी, फोनचा हप्ता त्यातूनच जाऊ द्यावा आणि महिन्यात मध्येच भर घालू नये. दर ऑगस्टमध्ये नवे विद्यार्थी येतात तेव्हा इथल्या मराठी मंडळांनीही स्वागताच्या कार्यक्रमात जेवणाआधी अर्धा तास या विषयाला द्यावा.