अभ्यास आमचा झाला, आता कचेरीचा करा

गडचिरोलीहून नागभीड, भिवापूर, उमरेड करत नागपूरला जाणारी एस. टी. दिघोरीवरून शहरात शिरते, की थोड्या वेळात सक्करदरा चौक येतो. आपली काही पोरं तिथंच उतरतात. बुधवार बाजाराच्या अंगाला एक खोली आहे, त्यात चौघं राहतात. खाली सायकली, वर पुस्तकं, कोपऱ्यात स्टोव्ह. जुने कागद शोधायला आम्ही तिघं गेल्या महिन्यात नागपूरला गेलो तेव्हा दोन रात्री तिथंच पाठ टेकली.

त्या चौघांतला एक आपल्याच इलाख्यातला. लोकप्रशासन या विषयात त्यानं एम. ए. केलं, आता पीएचडी करतो आहे. पुढं कॉलेजात शिकवावं, संशोधन करावं, असं त्याच्या मनात आहे. आपल्या गावातून या वाटेला गेलेला हा पहिलाच. आम्हाला अभिमान वाटला. मग त्यानं वही उघडून ठरलेला विषय वाचून दाखवला: 'आदिवासी सरपंचांमधील पंचायत कायद्याविषयीची जाणीव.' सोबत चाळीस प्रश्नांची प्रश्नावली. प्रत्येक प्रश्नापुढं तीन चौकटी: माहिती आहे, थोडी आहे, नाही.

आम्हाला आधी हसू आलं. कारण ही प्रश्नावली आम्ही ओळखतो. कागद बदलतो, विचारणारा बदलतो, प्रश्न तेच. मागं एका गावात असाच एक अभ्यासक आला होता. त्यानं एका म्हातारीला विचारलं, "ग्रामसेवकाची कामं कोणती?" म्हातारी म्हणाली, "बाबू, तो येईन तवा पायीन नं का करते तं!" सगळे हसले. अभ्यासकानं खाली बघून 'माहिती नाही' या चौकटीत खूण केली.

साथींनो, त्या एका खुणेत सगळी गोष्ट आली. ग्रामसेवक गावात येत नव्हता, ही कचेरीची उणीव. कागदावर मात्र ती म्हातारीचं अज्ञान म्हणून गेली. अशा शंभर खुणांची बेरीज झाली की शेवटी निष्कर्ष निघतो: आदिवासींमध्ये जाणीव कमी आहे, प्रशिक्षण वाढवावं. मग प्रशिक्षण होतं, चहा-बिस्किट होतं, हजेरीपटावर सह्या होतात. ग्रामसेवक काही येत नाही.

आम्ही अभ्यासाच्या विरोधात नाही, हे इथंच सांगतो. राज्य कसं चालतं, कागद कुठून कुठं जातो, निर्णय कोण घेतो, हे शास्त्र आपल्याइतकं कुणाच्याच कामाचं नाही. आणि या शास्त्रात नागपूरचं नाव जुनं आहे. नागपूर विद्यापीठात १९४९-५० च्या सुमारास लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्याचा स्वतंत्र विभाग उघडला. देशात असे विभाग तेव्हा बोटावर मोजण्याइतके होते. प्रा. एम. पी. शर्मा यांचं नाव त्या विभागाशी जोडलेलं आहे, त्यांची पुस्तकं विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी वाचली. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं. १९४८ मध्ये याच राजधानीतून जनपद सभांची योजना निघाली होती, तहसील हा घटक धरून. पुढं विदर्भ महाराष्ट्रात आला, वसंतराव नाईक समितीचा अहवाल झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. म्हणजे स्थानिक कारभार कसा असावा याचा विचार आपल्या उशाशी कित्येक दशकं चालू आहे.

पण या विचारात तहसील होती, जिल्हा होता, पुढं गट आला. गाव बसून स्वतःचा निर्णय करतं, त्या जुन्या गावसभेला कायद्याच्या पुस्तकात नीट जागा मिळायला १९९६ साल उजाडलं, पेसा कायदा आला तेव्हा. वनहक्क कायदा तर २००६ चा. जे कायद्यात नव्हतं ते अभ्यासक्रमातही उशिरा आलं, यात नवल नाही. नवल याचं, की कायदा बदलला तरी प्रश्नावली बदलली नाही. अजूनही तपासायचं ते गावाला. कचेरी मात्र तपासणाऱ्याच्या बाजूला बसलेली.

अभ्यास वेगळ्या रीतीनं होतो, हे धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं दाखवलं आहे. तिथं गावानं अभ्यास गट चालवला. बाहेरचा जाणकार आला तर अभ्यास गटात बसायचा, चर्चा करायची, माहिती द्यायची. निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीनं. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते तिथं गेले ते या पद्धतीनं, देवाजी तोफा आणि गावकऱ्यांच्या सोबत बसून. गावानं कायदा वाचला, नकाशा वाचला, जुना निस्तार समजून घेतला. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. पास देण्याचा अधिकार ग्रामसभेचा की वनखात्याचा, हा लोकप्रशासनाचाच प्रश्न होता. तो गावानं सोडवला.

आता आमच्या आताच्या अडचणीकडे या. आपल्या एका गावाचा सामूहिक दावा अर्ध्यावर कापून आला. पुरावा अपुरा, एवढंच तोंडी सांगितलं. कायदा म्हणतो की निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत दाद मागता येते. २०१२ ची दुरुस्ती म्हणते की दावा नाकारला किंवा कापला तर कारणं लेखी कळवली पाहिजेत आणि अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही. पुरावा कोणता चालतो ते नियम १३ मध्ये आहे: गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वनखात्याची कार्य आयोजना, दावेदाराखेरीज गावातल्या जाणत्यांचं लिहून घेतलेलं म्हणणं. आणि याच यादीत आणखी एक गोष्ट आहे. नामांकित संस्थांनी केलेले संशोधन-अभ्यास आणि रूढी-परंपरांच्या नोंदी!

हे वाक्य त्या खोलीत रात्री अकरा वाजता आम्ही तीनदा वाचलं. आमच्या गावात अभ्यासक येऊन गेले. आम्ही त्यांना जंगलात नेलं, देवाची जागा दाखवली, मोहफूल कुठं वेचतो, बांबू कुठून आणतो, गुरं कुठवर जातात, सगळं सांगितलं. रात्री भाकर खाऊ घातली. त्यांनी ते लिहून नेलं. ते लिहिलेलं आज आमच्या दाव्याला जोडता आलं असतं. पण आमच्याकडं त्याची प्रत नाही. कुठल्या कपाटात, कुठल्या भाषेत आहे, तेही आम्हाला कुणी सांगितलं नाही. गावाची आठवण गावाबाहेर गेली आणि कचेरी आम्हालाच म्हणते, पुरावा आणा.

म्हणून त्या पोराला आम्ही म्हटलं, "बापू, तू अभ्यास कर, पण आमचा नको, कचेरीचा कर." ग्रामसभेनं दिलेला दावा उपविभागीय समितीकडं किती दिवस पडून राहिला? तिथून जिल्हा समितीकडं कधी गेला? संयुक्त पाहणीला वनखात्याचा माणूस किती वेळा आला, किती वेळा नाही? नकाराची कारणं किती दाव्यांत लिहून दिली? आवक नोंदवहीतली तारीख आणि आमच्या पोचेवरची तारीख जुळते का? हे सगळं माहिती अधिकारात मागता येतं. आणि हे लोकप्रशासन नाही, असं कोण म्हणेल?

पोरगा गप्प बसला. मग म्हणाला, मार्गदर्शक विचारतील, तू चळवळीच्या गावचा, तू तटस्थ कसा? विषय बदलला तर वर्ष जाईल. कचेरीनं कागद दिले नाहीत तर प्रबंध अडेल. पुढं नोकरीच्या मुलाखतीत कोण समोर बसेल, सांगता येत नाही.

त्याची भीती खोटी नाही. घरी दोन एकर धान, बहीण लग्नाची, शिष्यवृत्ती कधी येते कधी नाही. तू सगळं पणाला लाव, असं सांगायचा हक्क आम्हाला नाही. पण तटस्थतेचं उत्तर आम्ही दिलं. म्हातारीच्या नावापुढं खूण करणारा कुणाच्या बाजूचा होता? तारीख मात्र कुणाच्याच बाजूची नसते. दावा अमुक दिवशी दिला, अमुक दिवशी उत्तर आलं, मध्ये इतके दिवस. हे मोजायला चळवळीचा असो की सरकारचा, मोजणाऱ्याला आकडा एकच येईल.

आणि मोजायचं तर आपल्यालाही मोजावं लागेल. त्यानं उलट विचारलंच, "ग्रामसभेच्या वहीतले अंगठे सभेत बसून लावलेले आहेत की घरोघरी फिरून घेतलेले?" आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. काही गावांत घरोघरी घेतात, खरं आहे. बायका सभेला येतात पण मागं बसतात, त्यांचं बोलणं इतिवृत्तात येत नाही, हेही खरं आहे. ते त्यानं लिहावं. कचेरीचं लिहा आणि आमचं झाका, असं म्हणणारी चळवळ टिकत नाही. उद्या हीच वही घेऊन कुणी आपल्याविरुद्ध उभा राहील, त्यापेक्षा आपल्या पोरानं आधी सांगितलेलं बरं.

म्हणून गावागावांतल्या ग्रामसभांना आमची विनंती आहे. पुढच्या सभेत हे चार ठराव चर्चेला घ्या.

एक, कुणीही अभ्यासाला आला तर आधी ग्रामसभेत बसून सांगावं: काय विचारणार, कशासाठी, पुढं कुठं देणार.

दोन, लिहून झालं की गावात येऊन आपल्या भाषेत वाचून दाखवावं आणि मराठी प्रत ग्रामसभेच्या दप्तरात ठेवावी. चुकलं असेल तर गाव सांगेल.

तीन, आधी होऊन गेलेल्या अभ्यासांची यादी करा. कोण आला होता, कोणत्या साली, कोणत्या कॉलेजातून, जाणत्यांना विचारून लिहा. नागपूरची पोरं त्या प्रती शोधतील. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, तिथंही विचारू.

चार, आजपासून प्रत्येक कागदाची नोंद ठेवा: कुणी नेला, कुठं दिला, कुणी घेतला, आवक नंबर काय, उत्तर कधी आलं. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

पोरानं नवा आराखडा लिहिला आहे. मार्गदर्शकांचं उत्तर यायचं आहे. ते काहीही आलं तरी तारखांची वही आपण भरत राहायची. साठ दिवसांतले एकवीस गेले आहेत. अपिलासाठी जाणत्यांचे जबाब येत्या रविवारी पाटलाच्या अंगणात लिहून घेणार आहोत. ज्यांना जुनी हद्द आठवते त्यांनी यावं, ज्यांना चालवत नाही त्यांना खाटेवरून आणावं.

जोहार!