उचल घ्यायची की पिग्मी भरायची?



परवाच्या मीटिंगमध्ये एक मागणी आली. काट्यावर मासे मोजतानाच रोजचे पन्नास रुपये संघाने कापून स्वतःकडे ठेवावेत आणि पावसाळ्यात परत द्यावेत. "हातात पैसे ऱ्हाऊलालेत कुठं?" असं एक ताई म्हणाल्या आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. आम्ही तिथल्या तिथं उत्तर दिलं नव्हतं. ते आज सविस्तर देतो आहोत.

मागणीमागचं दुखणं शंभर टक्के खरं आहे. उद्यमबागेत नाहीतर मच्छेत कामाला जाणाऱ्या शेजाऱ्याला महिन्याचा आकडा ठाऊक असतो. आपलं तसं नाही. एके दिवशी रोहू-कटला चांगला लागतो, मग चार दिवस नुसती चिलापी. पाऊस लागला की जाळं वर. आणि नेमकं त्याच चार महिन्यांत शाळेची फी, वह्या-पुस्तकं, तापाची औषधं, गणपती सगळं एकदम दारात उभं राहतं. मग उरते व्यापाऱ्याची उचल.

उचल बिनव्याजी वाटते. जरा हिशेब मांडूया. समजा पावसाळ्यात 15,000 रुपये उचल घेतली. बदल्यात माल त्याच व्यापाऱ्याला द्यायचा, आणि तो बाजारापेक्षा किलोमागे 20 रुपये कमी लावतो. रोज 10 किलो माल धरला तर दिवसाला 200 रुपये गेले. शंभर दिवसांत 20,000 झाले. आणि मूळ 15,000 अजून द्यायचेच आहेत! हे व्याज नाही तर दुसरं काय? पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आपल्या मालाचा भाव सांगायचा हक्क आपण पावसाळ्यातच विकून बसतो.

आता दुसरा हिशेब. रोजचे पन्नास रुपये, महिन्याचे 25 दिवस, आठ महिने. होतात 10,000 रुपये. पावसाच्या चार महिन्यांत दरमहा अडीच हजार. सगळं घर त्यात चालणार नाही, पण उचल निम्म्यावर येईल किंवा टळेल.

पन्नास रुपये रोज बाजूला काढायला आपल्या भागातलं जुनं साधन म्हणजे पिग्मी. ती आपल्याच राज्यात जन्मली. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने 1928 मध्ये ती सुरू केली. बँकेचा माणूस दारोदार जाऊन रोज दोन-दोन आणे गोळा करायचा. ज्यांची कमाई रोजची, त्यांची बचतही रोजची, एवढा साधा विचार त्यामागे होता. ती बँक 2020 मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हा शब्द आपल्या प्रत्येक बाजारात राहिला.

काही जण म्हणतात, पोस्टाची आरडी काढा. आरडी चांगली आहे, महिन्याला 100 रुपयांपासून भरता येते. पण ती पाच वर्षांची, तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, म्हणजे येत्या पावसाळ्याला उपयोग नाही. शिवाय चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं. आपला पावसाळा बरोबर चार महिन्यांचा! मुलीच्या लग्नाला किंवा नव्या जाळ्याला आरडी जरूर काढा. पावसाळ्यासाठी मात्र ती नको.

पिग्मीतही खोट आहे. व्याज कमी मिळतं, मुदतीआधी काढली तर कापून घेतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती जाते कुठे, हे आपण बघत नाही. पिग्मीवाला ओळखीचा, गल्लीतला, म्हणून देतो. पण तो बँकेचा आहे की सोसायटीचा? फरक मोठा आहे. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली बँक, मग ती सरकारी असो, खासगी असो की सहकारी, बुडाली तर ठेवीदाराला व्याजासकट 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. फेब्रुवारी 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाख होती. पतसंस्था, क्रेडिट सोसायटी, सौहार्द सोसायटी यांना हा विमा नाही. नावात "सहकारी" आहे म्हणून ती बँक होत नाही. सगळ्या सोसायट्या वाईट, असं आम्ही म्हणत नाही. चांगल्या चालणाऱ्याही आहेत. पण एक-दीड टक्का जास्त व्याज मिळतं, तेव्हा त्या बदल्यात धोका कोण घेतोय, हे कळायला हवं.

इथेच त्या मागणीचं उत्तर येतं. आपला संघसुद्धा बँक नाही. आज समितीवर आम्ही आहोत, उद्या दुसरे येतील. तुमचे पावसाळ्याचे पैसे माणसांच्या भरवशावर ठेवणं आम्हाला पटत नाही. म्हणून संघाने पैसे स्वतःकडे ठेवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी ज्याची इच्छा असेल त्याने लेखी द्यावं. संघ रोजचे पन्नास रुपये थेट त्याच्याच बँक खात्यात वळते करील. सक्ती कुणावर नाही.

ते खातं कसं असावं, तेही सांगतो.

एक, ते वेगळं असावं. गाळ्यावरच्या क्यूआरचे पैसे ज्या खात्यात येतात ते खर्चाचं खातं. दुसरं खातं बचतीचं. त्याला फोन-पे जोडू नका, एटीएम कार्ड घरी ठेवा. काढायला बँकेत जावं लागलं की निम्मे खर्च आपोआप थांबतात. जनधनसारख्या खात्याला किमान शिल्लक लागत नाही.

दोन, जी बाई बाजारात बसून मासे विकते, खातं तिच्या नावावर असावं. क्यूआर मुलाच्या मोबाईलचा आणि कष्ट आईचे, हे बरोबर नाही.

तीन, महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्या. पिग्मी असेल तर रोजची पावती किंवा मेसेज बघा. फॉर्म कन्नड-इंग्रजीत असतो. कळत नसेल तर शिकलेल्या मुलाला सोबत न्या, न वाचता सही नको.

चार, पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. कुणी पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. फसलातच तर लगेच 1930 ला फोन करा.

अजून एक गोष्ट. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या काळासाठी अशीच सोय ठेवलेली आहे. पात्र मच्छीमाराचे 1,500 आणि सरकारचे 3,000, मिळून 4,500 रुपये तीन महिन्यांत मिळतात. यंदाचे अर्ज कसे भरायचे, हे मत्स्य खात्याच्या कार्यालयात विचारून इथेच कळवू. पण सरकारही आधी तुमचे 1,500 मागतं, हे लक्षात घ्या.

पुढच्या मीटिंगला हा विषय पहिला घेतोय. पटत नसेल तर तिथे येऊन सांगा, भांडा, पण या. जून लागल्यावर चर्चा करून उपयोग नाही.