लॉन आपलं, मुंगी कुणाची?

आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर पावसाळ्यात एक मेसेज फिरतो. लाल मुंगीचा झूम केलेला फोटो आणि खाली ‘विदेशी मुंग्यांचं आक्रमण, सावधान!’ लगेच कुणी पावडरचं नाव टाकतं, कुणी पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर. यंदा मला राहवलं नाही, कारण मेसेज टाकणाऱ्या काकांनीच चार वर्षांपूर्वी जेसीबी लावून स्वतःची वाडी सपाट केली होती.

मुंगी विदेशी आहे, हे खरं. शास्त्रीय नाव सोलेनॉप्सिस जेमिनाटा. जबड्याने कातडी धरते, पोट वाकवून नांगी मारते, जरा सरकून पुन्हा मारते. आग होते ती त्या नांगीतल्या विषाने. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने तिच्या जगप्रवासाचा माग नैऋत्य मेक्सिकोतल्या आकापुल्को बंदरापर्यंत नेला. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश गलबतं आकापुल्को ते मनिला ये-जा करत होती. जहाज डगमगू नये म्हणून तळाशी माती-धोंडे भरायचे आणि बंदरात माल चढवताना ती माती उतरवायची. मातीबरोबर मुंगी उतरली, आणि मनिलाहून पुढे व्यापाराच्या वाटांनी आशियाभर गेली. बिंगहॅमने ब्रिटिश इंडियातल्या मुंग्यांवर १९०३ साली लिहिलेल्या ग्रंथात ती आहे. म्हणजे आपल्या पणज्यांनाही ती चावली असणार. मिरची, पेरू, चिकू अमेरिका खंडातूनच आले. त्यांना मात्र कुणी ‘सावधान’ म्हणत नाही.

मग शंभराहून जास्त वर्षं इथे असलेली मुंगी आमच्या आळीत आत्ताच का खुपायला लागली?

तिला लागते उघडी, उन्हात तापलेली, नुकतीच उकरलेली जमीन. पावसानंतर पंखवाल्या राण्या उडतात, हवेतच मीलन होतं, राणी खाली पडते, पंख झाडते आणि मोकळी माती शोधून बीळ करते. आता अष्टागरातली जुनी वाडी आठवा. वर नारळ, मधे सुपारी, खाली केळी आणि जमिनीवर कुजणारा पालापाचोळा. दुपारीही अंधारल्यासारखं. शिवाय तिथे आधीच बिऱ्हाड थाटून बसलेल्या मुंग्या असतात. आंब्यावर पानं शिवून घरटं करणारी ओंबील, मुळाशी मुंगळे, पाचोळ्यात नावंही माहीत नसलेल्या बारक्या मुंग्या. नव्या राणीला त्या सुखाने बीळ करू देत नाहीत.

हे माझं गावप्रेम बोलत नाही. फ्लोरिडात किंग आणि चिंकेल या दोघांनी हाच प्रश्न प्रयोगाने सोडवला. तिथली कुप्रसिद्ध आगमुंगी म्हणजे आपल्या मुंगीची चुलतबहीण, सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा. जंगलातल्या काही तुकड्यांवर नांगर फिरवला, काही तसेच ठेवले, आणि काहींत मुद्दाम आगमुंगीची वारुळं आणून सोडली. नांगरलेल्या जमिनीत ती माजली. न छेडलेल्या जंगलात हाताने आणून सोडूनही तिचं बस्तान बसलं नाही. स्थानिक मुंग्या कमी झाल्या त्या नांगरामुळे. निष्कर्ष २००८ साली छापून आले, आणि आपण अजून पावडरींची नावं फॉरवर्ड करतोय.

माझ्या धंद्यात याला लॉगमधला एरर पुसणं म्हणतात. एरर दिसेनासा होतो, बग तसाच राहतो.

पावडरीचा इतिहासही बघा. १९५७ साली अमेरिकी सरकारने आगमुंगीविरुद्ध मोहीम उघडली. विमानातून लाखो एकरांवर हेप्टाक्लोर आणि डिल्ड्रिन टाकलं. पक्षी मेले, कोंबड्या आणि गुरं मेली, आणि मुंगी पसरतच राहिली. रेचल कार्सनच्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये या मोहिमेची चिरफाड आहे. सरसकट विषाने सगळ्याच मुंग्या मरतात, आणि रिकाम्या जमिनीवर सगळ्यात आधी परत येते ती हीच.

मी मुंगीची वकिली करत नाही. गॅलापागोसवर कासवांच्या नुकत्याच फुटलेल्या पिल्लांवर तिने हल्ले केल्याच्या नोंदी आहेत. ती रोपांवर मावा आणि पिठ्या ढेकूण पोसते, ठिबकच्या नळ्या कुरतडते. घराच्या दारात वारूळ असेल तर त्याचा बंदोबस्त करा, बेशक. पण त्या वारुळापुरता.

माझं भांडण आहे ते वाडीचा ‘प्लॉट’ करणाऱ्या संस्कृतीशी. २०२० साली भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो आली, २०२४ मध्ये अटल सेतू झाला, आणि मुंबईच्या वीकेंडला अलिबाग आणखी जवळ आलं. आधी झाडं जातात. मग बाहेरून मातीचे ट्रक येतात, वर लॉन अंथरतात, कडेने कुठल्या कुठल्या नर्सरीतल्या कुंड्या. प्रत्येक कुंडीत माती, आणि माती म्हणजे आकापुल्कोच्या गलबताचा तळ! मालक महिन्यातून दोन रात्री राहतो, केअरटेकर रोज पाणी मारतो. इतकी बडदास्त तर स्पॅनिश लोकांनीही मुंगीची ठेवली नव्हती.

आणि विकणारे कोण? आपणच. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबांनी पाच गुंठे विकले. फी, हॉस्टेल आणि ज्या लॅपटॉपवर मी कोड शिकलो तो, सगळं त्यातून आलं. जिथे माझी आजी अनवाणी सुपाऱ्या वेचायची तिथे आता लॉन आहे. कुंपणापलीकडून वारुळं दिसतात. त्या बंगल्याच्या मालकाला मी काय तोंडाने बोलू?

ग्रुपवर मी यातलं निम्मंच लिहिलं. काकांनी अंगठा दाखवला आणि खाली पुन्हा पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर टाकला.

उरलेल्या आठ गुंठ्यांसाठी ब्रोकरचा फोन आला होता, असं बाबा परवा सांगत होते. भाव बरा आहे. बाबांच्या गुडघ्यांना आता शिपणं झेपत नाही, आणि मी असतो पुण्यात. ‘तुझं काय म्हणणं?’ त्यांनी विचारलं. मी रविवारी येतो म्हणालो.