मनाची साक्ष कोण काढणार?

बारावीचा निकाल लागला की कोकणातल्या घराघरांतून एक जुना वाद नव्याने सुरू होतो. निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, हे आता सर्वांच्या सवयीचे झाले आहे. खरा प्रश्न त्यानंतरचा असतो. गुण तर मिळाले, पुढे काय? डॉक्टर, इंजिनिअर, बँकेची परीक्षा, नाहीतर मुंबईची गाडी, ही उत्तरे वडीलधाऱ्यांच्या तोंडी तयारच असतात. पण अलीकडे एखादी नात ‘मला फॉरेन्सिक सायकॉलॉजी करायचंय’ असे सांगून मोकळी होते आणि आजोबा चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, ‘म्हणजे नेमकं काय गो? वेड्यांची डॉक्टर होणार की पोलीस?’

आजोबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. या विषयाला मराठीत न्यायसहायक मानसशास्त्र म्हणता येईल. तो शिकून बाहेर पडणारी व्यक्ती डॉक्टर नसते आणि पोलीसही नसते. ती न्यायालयाला एका अवघड कामात मदत करते. माणसाच्या हातून काय घडले हे पुराव्याने ठरते. ते घडताना, आणि नंतर खटला चालताना, त्याच्या मनाची अवस्था काय होती हे कोणी सांगायचे? आपल्या न्यायव्यवस्थेत आज या प्रश्नाला पुरेसे उत्तर नाही. म्हणून नातीच्या करिअरचा हा विषय साऱ्या समाजाचा होतो.

रत्नागिरीची जुनी ओळख

रत्नागिरीला तर या विषयाशी नाते सांगण्याचा विशेष अधिकार आहे. १८८६ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला या गावात आणून स्थानबद्ध केले. येथील मनोरुग्णालयाची स्थापनाही त्याच वर्षाची. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये. त्यांत रत्नागिरीचे सर्वांत लहान, ३६५ खाटांचे. गावात कारागृह आहे. अंदमानातून परत आणल्यावर १९२१ साली सावरकरांना काही काळ याच तुरुंगात ठेवले होते. जिल्हा न्यायालय आहे. न्यायसहायक विज्ञानाची छोटी प्रयोगशाळा आहे. २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे.

थोडक्यात, मन, गुन्हा आणि कायदा या तिन्हींची दारे एकाच गावात काही मैलांच्या आत आहेत. पण या दारांमधून ये-जा करणारा, तुरुंगातल्या माणसाचे मन न्यायाधीशाला समजेल अशा भाषेत मांडणारा प्रशिक्षित माणूस मात्र व्यवस्थेत अभावानेच आढळतो. ‘याला रत्नागिरीला धाडा’ असे कोकणात थट्टेने म्हटले जाते. धाडल्यावर पुढे काय होते, हे विचारण्याच्या फंदात कोणी पडत नाही.

कायदा काय विचारतो?

१८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन या माणसाने पंतप्रधान पील यांच्या चिटणिसाला गोळी घातली. पील यांचा पक्ष आपला छळ करतो आहे, अशा भ्रमाने तो पछाडलेला होता. त्याची निर्दोष मुक्तता झाली, मोठा गदारोळ उठला आणि त्यातून जे नियम तयार झाले, तेच पुढे १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ८४ म्हणून उतरले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्यात हे तत्त्व कलम २२ मध्ये कायम आहे. आपण काय करतो आहोत, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे मनोविकारामुळे ज्याला त्या क्षणी कळत नव्हते, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही.

वाचायला हे सोपे वाटते. पण वैद्यकाच्या दृष्टीने आजारी असलेला प्रत्येक माणूस कायद्याच्या दृष्टीने सुटत नाही. आजार होता, पण त्या क्षणी समज होती का, हा प्रश्न वेगळा आहे. आरोपी आज स्वतःचा बचाव करू शकतो का, हा दुसरा. शिक्षा झाल्यावर तो आजारी पडला तर काय, हा तिसरा. तिन्हींची उत्तरे वेगवेगळ्या तपासणीने मिळतात आणि तिन्ही एकत्र कालवली की अन्याय होतो.

मुंबईच्या रामन राघवचे प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांचे खून करणारा हा इसम ऑगस्ट १९६८ मध्ये पकडला गेला. सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. फाशी कायम करण्याआधी मुंबई उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमून त्याची तपासणी करविली. मंडळाला तो जुनाट स्किझोफ्रेनियाने ग्रस्त असल्याचे आढळले आणि अखेर त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला. लोकांचा संताप टोकाला गेलेला असतानाही न्यायालयाने मनाची तपासणी आवश्यक मानली, हे महत्त्वाचे.

याच्या उलट टोकाचे प्रकरण आसामचे. माचांग लालुंग या आदिवासी तरुणाला १९५१ साली अटक झाली आणि नंतर तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवण्यात आले. १९६७ मध्ये तो बरा असल्याचे डॉक्टरांनी कळवले. तरीही त्याला घरी पाठवण्याऐवजी तुरुंगातच ठेवले गेले. खटला कधी चाललाच नाही. २००५ साली तो सुटला तेव्हा ५४ वर्षे उलटली होती आणि तो सत्तरीच्या पुढे गेला होता. कोणी दुष्टपणाने त्याला डांबले असे नव्हे. रुग्णालयाचा कागद न्यायालयापर्यंत नेणे हे कोणाचेच काम नव्हते, एवढेच!

यंत्राचा मोह

आपल्याकडे हा विषय लोकांना माहीत झाला तो मात्र भलत्याच वाटेने. नार्को, लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग हे शब्द दूरचित्रवाणीने घराघरांत पोहोचवले. इंजेक्शन दिले की माणूस खरे बोलतो, डोक्याला तारा लावल्या की मेंदू कबुली देतो, अशी समजूत पसरली. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोघांना जन्मठेप सुनावली. त्या निकालात मेंदूच्या विद्युत् चाचणीचा आधार इतर पुराव्यांच्या जोडीने घेतला गेला. जगभरच्या तज्ज्ञांनी भुवया उंचावल्या. पुढे उच्च न्यायालयाने दोघांना जामीन दिला.

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात या मोहाला लगाम घातला. संमतीशिवाय कोणाचीही नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी करता येणार नाही. संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष हा स्वतंत्र पुरावा होत नाही. तरीही २०२२ मध्ये वसईच्या तरुणीच्या दिल्लीतील खुनाच्या प्रकरणी साऱ्या देशाचे डोळे आरोपीच्या नार्कोकडेच लागले होते. यंत्राची भूल अशी सहजी उतरत नाही.

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी हे नीट समजून घ्यावे. मालिकांत दिसणारा, गुन्हेगाराच्या डोळ्यांत पाहून खुनी ओळखणारा मनकवडा प्रत्यक्षात नसतो. खरे काम कष्टाचे आणि कंटाळवाणेही आहे. तासन् तास मुलाखती घ्यायच्या. प्रमाणित चाचण्या करायच्या. जुने आजारपण, शाळेचे दाखले, घरच्यांचे म्हणणे पडताळायचे. आरोपी सोंग तर करत नाही ना, हे तपासायचे. शेवटी दहा पानांचा अहवाल लिहून वकिलाच्या उलटतपासणीला तोंड द्यायचे. ज्याला ‘मला सांगता येत नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणता येते, तोच या कामाला लायक.

मागणी आहे, माणूस नाही

गंमत अशी की कायद्याने आणि न्यायालयांनी या तज्ज्ञांची मागणी गेल्या दहा वर्षांत कितीतरी वाढवून ठेवली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार १६ ते १८ वयाच्या मुलाच्या हातून घोर गुन्हा घडल्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक क्षमता, परिणामांची जाण यांचे प्राथमिक मूल्यमापन करावे लागते. मुलाला प्रौढ म्हणून उभे करायचे की नाही, हे त्यावर ठरते. बाल न्याय मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये बजावले. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरच्या मोटार अपघातानंतर अल्पवयीन चालकाला लिहायला सांगितलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाची देशभर चर्चा झाली. अशा मुलाच्या मनाचे मोजमाप कोणी, कशाने आणि किती दिवसांत करायचे, ही चर्चा मात्र मागेच राहिली.

फाशीच्या कैद्यांचेही तेच. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका कैद्याची फाशी रद्द केली. शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकार हेही शिक्षा सौम्य करण्याचे कारण ठरू शकते, असे सांगितले आणि त्याचे नाव निकालपत्रात गुप्त ठेवले. मे २०२२ मध्ये मनोज खटल्यात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, फाशीचा विचार करताना आरोपीचा मानसिक अहवाल सरकारने सादर करावा, असे म्हटले. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फाशीच्या ८८ कैद्यांची पाहणी होती. त्यांतील ६२ टक्क्यांहून अधिक जण कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने ग्रस्त होते.

आता पुरवठ्याकडे पाहा. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांच्यापैकी दर चौघांतले तिघे कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. या सर्वांसाठी तुरुंगांत नेमलेले मानसशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ होते अवघे २५! केंद्राची २०१६ ची आदर्श कारागृह नियमावली ५०० कैद्यांमागे एक समुपदेशक अथवा मानसशास्त्रज्ञ असावा, असे सांगते. त्या हिशेबाने अकराशेहून अधिक हवेत. निकालपत्रे वाढली, कायदे वाढले; पदे मात्र तेथेच.

पदवी कोठे, नोकरी कोठे?

नातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. मानसशास्त्राची पदवी ही पहिली पायरी. त्यानंतर न्यायसहायक मानसशास्त्राची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेता येते. यातील प्रमुख संस्था म्हणजे गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ. गुजरात सरकारने सुरू केलेल्या या विद्यापीठाला २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय दर्जा मिळाला. दिल्लीची जुनी राष्ट्रीय संस्था त्यात विलीन झाली आणि गोव्यातही त्याचे केंद्र आहे. प्रत्येक केंद्रात प्रत्येक विषय शिकवला जातोच असे नाही, म्हणून त्या-त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. अलीकडे खासगी विद्यापीठांनीही या नावाचे अभ्यासक्रम काढले आहेत. नाव आकर्षक आहे, म्हणून फी जबर आहे. तेथे किती तास तुरुंगात, रुग्णालयात, न्यायालयात प्रत्यक्ष काम करायला मिळते, एवढा एकच प्रश्न पालकांनी विचारला तरी पितळ उघडे पडेल.

आणखी एक गोष्ट कोणी स्पष्ट सांगत नाही. या पदवीने रुग्णावर उपचार करण्याचा परवाना मिळत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले वेगळे शिक्षण आणि नोंदणी लागते. इंग्लंडमध्ये ‘फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ हे बिरुद कायद्याने संरक्षित आहे. नोंदणीशिवाय ते लावता येत नाही. आपल्याकडे या बिरुदाला असे संरक्षण नाही. याचा तोटा दोघांना होतो. शिकलेल्याला नोकरी मिळत नाही आणि न शिकलेला तज्ज्ञ म्हणून मिरवतो.

तज्ज्ञ सरकारी असेल तर तो पोलिसांच्या बाजूने बोलेल, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ही पदे गृहखात्याच्या दावणीला न बांधता जिल्हा न्यायालयाच्या किंवा आरोग्य खात्याच्या कक्षेत असावीत. आरोपीच्या बाजूलाही विधी सेवा प्राधिकरणामार्फत तज्ज्ञ मिळावा. खर्चाचे म्हणाल, तर जिल्ह्याला एक-दोन माणसांचा पगार हा निर्दोष माणूस वर्षानुवर्षे पोसण्यापेक्षा स्वस्तच पडेल.

रत्नागिरीपासून याची सुरुवात का होऊ नये? मनोरुग्णालय, कारागृह, न्यायालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र हे सारे येथे आहे. नवी इमारत नको, नवी जमीन नको. या पाच जणांनी एका टेबलाभोवती बसून एक अभ्यासक्रम आखला आणि शासनाने चार पदे मंजूर केली, तर कोकणातल्या हुशार मुलांना गाव न सोडता शिकता येईल आणि मनोरुग्णालयातला एखादा कच्चा कैदी तारखेवाचून पडून राहणार नाही. आजोबांनी नातीला अडवू नये. मात्र ती शिकून आल्यावर तिला खुर्ची कोठे आहे, हा प्रश्न त्यांनी पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला जरूर विचारावा.