झेरॉक्सचे पैसे बाईंच्या पर्समधूनच का?

जिल्हा परिषद शाळांतले शिक्षक हल्ली मोबाइलवर काय काय बनवतात, ते गावाने एकदा बघायला हवं. कॅनव्हावर चित्रकार्डं, जिओजिब्रावर त्रिकोण आणि कोन, फेटवर विजेचं सर्किट. फेट अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं, पण त्यातले प्रयोग मराठीतही मिळतात. सगळं फुकट. कौतुकच आहे.

पण हा 'फुकट' शब्द जरा तपासून घेऊ.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असेल तर शिक्षक दोन. म्हणजे एकाकडे दोन-तीन वर्ग. बाई दुसरीला वजाबाकी शिकवत असताना तिसरीच्या पोरांच्या हातात काहीतरी काम हवं. त्यासाठीच कार्यपत्रिका. ती मोबाइलवर फुकट तयार होते, पण पोराच्या हातात पडायची तर कागदावर यावी लागते. प्रिंट, झेरॉक्स, लॅमिनेशन, वर नेटपॅक. हे पैसे कोण देतं? आपल्या तालुक्यात ज्यांना विचारलं, त्यातल्या बहुतेकांचं उत्तर एकच: "आमचेच."

समग्र शिक्षाच्या निकषानुसार ३० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये अनुदान. त्यातच वीजबिल, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती आणि शैक्षणिक साहित्य. झेरॉक्सचा नंबर शेवटी लागतो.

दुसरी गोष्ट. एकाच केंद्रातले दहा शिक्षक रात्री जागून तीच हातच्याची वजाबाकी दहा वेळा बनवतात. ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडते आणि दोन दिवसांत 'शुभ सकाळ'खाली गाडली जाते. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

तिसरी गोष्ट बारीक वाटेल, पण पहिलीच्या पोरासाठी मोठी आहे. मराठीचा 'ल' पाकळीचा, 'श' देठाचा. फुकटच्या बऱ्याच फाँटांत मात्र ही अक्षरं हिंदी वळणाची येतात. पुस्तकात एक 'ल', कार्डावर दुसरा. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फाँट मराठी वळणाचा आहे, तोही मोफत. पण हे शिक्षकांना सांगणार कोण?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. त्यांनी पुस्तकात क्यूआर कोड आणले. पण तो प्रयोग राज्यभर पोचला, तो बालभारतीने पुस्तकांत घेतला म्हणून. एकट्या शिक्षकाच्या हौसेवर तो परितेवाडीतच राहिला असता.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक केंद्रात एक सामायिक फोल्डर असावं, इयत्ता आणि धड्याप्रमाणे लावलेलं. एकेका शिक्षकाने एकेक घटक बनवायचा, दुसऱ्याने तपासायचा. शिक्षण परिषदेत भाषणं थोडी कमी करून तासभर यालाच द्यावा. आणि पंचायत समितीने केंद्रशाळेत एक चांगला प्रिंटर, कागद आणि शाई द्यावी. लाखोंच्या डिजिटल बोर्डापेक्षा हे स्वस्त पडेल, आणि लाइट गेली तरी कागद चालतो.

पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य तुमच्यातलेच असतात. पुढच्या सभेत एकच प्रश्न विचारा: यंदा झेरॉक्सवर शाळेचे किती गेले आणि शिक्षकांचे किती?

उत्तर कमेंटमध्ये टाका. शाळेचं नाव नको, आकडा पुरे. यादी करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे घेऊन जातो.