वादळातील मजुरी कोणी द्यावयाची?

वैशाखाच्या अखेरीस भवानीनगरच्या परिसरात दुपारनंतर वळवाचे ढग जमू लागतात. नेमका हाच काळ कामे उरकण्याचा असतो. गाळप हंगाम आटोपल्यावर साखर कारखान्यांत यंत्रांची दुरुस्ती, छपराचे पत्रे बदलणे, रंगकाम चालते. रस्ते, कालवे व विहिरी यांची कामे पावसाळ्यापूर्वी पुरी करण्याची घाई असते. वादळ आणि उंचावरचे काम यांची गाठ पडते ती योगायोगाने नव्हे. वळवाचा वारा किती अकस्मात उठतो हे इंदापूर तालुक्याला सांगावयास नको. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी उजनी जलाशयात अशाच वाऱ्याने उलटली व सहा जणांचा अंत झाला.

अशा वेळी काय करावे याविषयी मतभेद नाहीत. क्रेनचा बूम खाली उतरवावा, सुटे पत्रे व फळ्या बांधाव्यात, वीजपुरवठा तोडावा, वेल्डिंगचे संच झाकावेत आणि परांचीवरून सर्वांनी उतरावे. गडगडाट ऐकू येताच पक्क्या इमारतीत अथवा बंद वाहनात जावे. झाडाखाली थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास काम सुरू करू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अॅप विजेची पूर्वसूचना मोबाइलवर देते. ज्ञान आहे, साधन आहे. तरीही माणसे परांचीवर का राहतात?

याचे उत्तर मजुरीच्या पद्धतीत आहे. उक्ते काम घेतलेल्या मजुराने दोन तास हात थांबविले तर ते दोन तास त्याच्या पदरचे जातात. ठेकेदाराची गोष्ट वेगळी. सार्वजनिक कामांच्या करारांत प्रतिकूल हवामानासाठी मुदतवाढीची तरतूद असते. यंत्राचा विमा उतरविता येतो. म्हणजे ठेकेदाराचा बुडालेला वेळ भरून निघतो, यंत्राची किंमत भरून निघते. बुडत्या मजुरीला मात्र कोणी वाली नाही.

या व्यवस्थेची परिणती मे २०२१ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात दिसली. तौक्ते चक्रीवादळाचा इशारा आधीच मिळालेला असताना ‘पी-३०५’ ही तराफानौका तेलक्षेत्रातच राहिली. तीवर २६१ माणसे होती. सत्तरहून अधिक बुडाली. थांबावयाचे की परतावयाचे, हा निर्णय बुडणाऱ्या कामगारांच्या हाती नव्हता.

कायदा येथे किती साहाय्य करतो? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारानुसार, गंभीर व तात्काळ धोका दिसल्यामुळे कामावरून दूर झालेल्या कामगाराला त्याबद्दल शिक्षा होता कामा नये. आपली २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीत धोका मालकाच्या व निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा अधिकार आहे. बंद काळाच्या मजुरीविषयी मात्र मौन आहे. शिवाय बांधकामांच्या बाबतीत ती दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. ऑगस्ट २०२३ मध्ये म्हसोबाचीवाडीच्या विहिरीत माती ढासळून चार मजूर दगावले. तेथे वादळ नव्हते; परंतु विहिरीवरील अशा लहान टोळ्या संहितेच्या कक्षेबाहेरच राहतात.

मजुरांना सवलत दिली तर ढग दिसताच काम थांबेल, असा आक्षेप घेतला जातो. हवामान खात्याच्या इशाऱ्याची नोंद तासानिशी होत असते. गैरवापर पडताळणे अवघड नाही. पैशाचा प्रश्नही सुटण्याजोगा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्ली परिसरात प्रदूषणामुळे बांधकामे बंद झाली, तेव्हा कामगारांना त्या काळासाठी उपकराच्या निधीतून निर्वाहभत्ता द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. धुरासाठी जे शक्य झाले ते विजेसाठी अशक्य का असावे?

तेव्हा कार्यकर्त्यांनी सुरक्षेची पत्रके वाटून थांबू नये. इशाऱ्याच्या तासांची मजुरी उपकरातून मिळावी, प्रत्येक निविदेत तशी अट असावी आणि लहान कामेही कायद्याच्या कक्षेत यावीत, या मागण्या ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत नेल्या पाहिजेत. परांचीवरून उतरल्याने चूल विझणार नाही, ही हमी मिळाली म्हणजे गडगडाट ऐकून खाली या, असे मजुराला सांगावे लागणार नाही.